झाडीपट्टीतला अदृश्य वाटसरू

नागपूर सोडून दक्षिणेची वाट धरली की कापसाच्या काळ्या रानांची सोबत वरोऱ्यापर्यंत पुरते. वरोऱ्याला आनंदवन लागते, भद्रावतीला विजासनची लेणी लागतात आणि मग कोळशाच्या धुळीने काळवंडलेल्या झाडांमधून चंद्रपूर समोर येते. जुनी माणसे अजून त्याला चांदाच म्हणतात. जटपुरा, पठाणपुरा, बिनबा आणि अंचलेश्वर असे चार दरवाजे, त्यांच्या जोडीला पाच खिडक्या आणि त्यांना बांधून ठेवणारा गोंड राजांचा काळाकभिन्न परकोट. आतमध्ये आजच्या जिल्ह्याच्या गावाची सगळी गर्दी आणि गडबड. बाहेर झरपट नदी, आता काहीशी दीनवाणी झालेली.

या शहराच्या जन्माची कहाणीच मुळी दुखण्यातून निघते. खांडक्या बल्लाळशहा या गोंड राजाच्या अंगावर फोड उठले होते, काही केल्या ते बरे होईनात. शिकारीच्या नादात तहान लागली म्हणून तो झरपटीच्या कोरड्या पात्रातल्या एका कुंडाशी वाकला, पाणी प्याला, तोंड धुतले आणि त्याला चमत्कारिक आराम पडला. राणीने सांगितले, इथेच नगर वसवा. तिथे अंचलेश्वराचे देऊळ झाले आणि शहरही झाले. कहाणी कितपत खरी याचा निवाडा इतिहासकारांनी करावा. मला तिच्यात गंमत वाटते ती अशी, की माणूस, रोग आणि जागा या तिघांचे नाते या मुलखाने आपल्या पहिल्या पानावरच लिहून ठेवले आहे.

या प्रवासात माझ्या मनात हेच नाते घोळत होते. वाघ पाहायला ताडोब्याला येणारे पुष्कळ. मी मात्र अशा एका जिवाच्या मागावर होतो, की जो कुणाला दिसत नाही, ज्याचा ठसा चिखलात उमटत नाही आणि ज्याला जीव म्हणावे की नाही यावरच शास्त्रज्ञांचे एकमत होत नाही. मी विषाणूबद्दल बोलतो आहे. आणि त्यातही आपल्या विदर्भाचे नाव लावून जगभर ओळखल्या जाणाऱ्या एका विषाणूबद्दल.

१९६५ साली नागपुरात तापाची मोठी साथ आली. माणसे सांधे धरून बसली. तो चिकुनगुन्या होता, जोडीला डेंग्यूही होता. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राची माणसे रक्ताचे नमुने गोळा करीत हिंडत होती. (१९५२ साली सुरू झालेले हेच केंद्र आज राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणून ओळखले जाते.) त्या नमुन्यांतल्या दोघा रुग्णांच्या रक्तात भट आणि रॉड्रिग्ज या संशोधकांना भलताच पाहुणा सापडला. तो ना चिकुनगुन्याचा होता, ना डेंग्यूचा. सूक्ष्मदर्शकाखाली बंदुकीच्या गोळीसारखा दिसणारा हा विषाणू अगदीच नवा होता. ज्या वस्तीत तो सापडला तिचेच नाव त्याला मिळाले : चांदीपुरा. १९६७ साली त्याची हकीकत छापून आली आणि पुढे कित्येक वर्षे तो कपाटातच राहिला. माणसाला थोडा ताप आणणारा एक किरकोळ विषाणू, एवढीच त्याची ख्याती.

पण त्याची खरी ओळख पटायची होती. त्यासाठी आपल्याला चंद्रपूरहून पूर्वेला वळायला हवे.

मूल आणि सावली मागे टाकून वैनगंगेचा पूल ओलांडला की गडचिरोली जिल्हा सुरू होतो. १९८२ साली जुन्या चांदा जिल्ह्यातून तो वेगळा निघाला. त्याचा दोन-तृतीयांशाहून अधिक भाग आजही जंगलच आहे. ही सारी झाडीपट्टी. धानाच्या बांध्या, मालगुजारांनी बांधलेले तलाव, गावोगावच्या बोड्या, मोहाची झाडे आणि पीक हाती आले की रात्ररात्र रंगणारी झाडीपट्टीची नाटके. दिवाळीनंतर इकडे आलात तर शेतात उभारलेल्या मंडपात पहाटेपर्यंत नाटक पाहणारी माणसे भेटतील. लेकरे आईच्या मांडीवर झोपलेली, गार वाऱ्यात घोंगडी पांघरलेली.

घरे पाहावीत तर कुडाची. बांबूच्या विणीवर माती लिंपलेली, वर कवेलू, बाजूला गोठा आणि गोठ्याला लागून शेणाचा ढीग. सारवलेली ओसरी इतकी स्वच्छ, की शहरच्या माणसाने चप्पल काढताना लाजावे. पण मातीच्या भिंतीला उन्हाळ्यात भेगा पडतात. ज्येष्ठ-आषाढात पाऊस पडला की त्या भेगांत ओल धरते, आणि नेमक्या त्या ओलसर अंधारात एक चिमुकली माशी राहते. तिला वाळूमाशी म्हणतात. सरकारी पत्रकांत सँडफ्लाय असे लिहिलेले असते. डासाच्या तिसऱ्या हिश्शाएवढा तिचा आकार. डासासारखी ती गुणगुणत नाही. जमिनीलगत टुणटुण उड्या मारल्यासारखी उडते आणि संध्याकाळी किंवा रात्री निजलेल्या माणसाचे रक्त पिते. तिची पिलावळ पाण्यात होत नाही. कुजका पालापाचोळा आणि शेण मिसळलेल्या ओल्या मातीत होते. म्हणून रांजण उपडे करून डास कमी होतील, वाळूमाशी होणार नाही. औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, पकडलेल्या अशाच माश्यांत चांदीपुऱ्याचा विषाणू सापडल्याचे १९७० साली प्रसिद्ध झाले. पुढे प्रयोगशाळेत असेही दिसले, की माशी तो आपल्या अंड्यांमार्फत पुढच्या पिढीलाही देऊ शकते. म्हणजे त्याला आपला वंश चालवायला माणसाची वाट पाहत बसण्याचे काही कारण नाही.

गडचिरोलीहून चामोर्शीला जाताना मार्कंड्याला थांबावे. तिथे वैनगंगा आपला दक्षिणेचा हट्ट सोडून उत्तरेकडे वळते आणि काठावर कोरीव देवळांचा समूह उभा आहे. पुढे आष्टी, आलापल्ली, आणि सागवानाच्या रानातून शंभरेक किलोमीटर गेले की सिरोंचा. इथे मराठीत तेलुगू मिसळते. प्राणहिता गोदावरीला मिळते. पलीकडच्या काठावर काळेश्वर दिसते; ते तेलंगणात. राज्याची सीमा नकाशावर ठळक असते. नदीच्या दोन्ही काठांवर मात्र भिंती तशाच, भेगा तशाच आणि माशीही तीच.

याच पलीकडच्या मुलखात, तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या करीमनगर, वरंगळ या भागांत, २००३ च्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात मुले पटापट मरू लागली. सकाळी अंगणात खेळणारे पोर दुपारी तापाने फणफणायचे, झटके यायचे, शुद्ध हरपायची आणि पुष्कळदा दुसरा दिवस उजाडायच्या आत खेळ आटोपायचा. ३२९ मुले आजारी पडली, त्यांतली १८३ दगावली. पुण्याच्या संस्थेने नमुने तपासले तेव्हा कपाटातला जुना पाहुणा बाहेर आला. तो चांदीपुराच होता. २००४ मध्ये तो गुजरातेत दिसला. २००७ च्या पावसाळ्यात खुद्द आपल्या नागपूर विभागात मुलांना त्याने गाठले. आणि २०२४ च्या जून-ऑगस्टमध्ये गुजरात आणि भोवतालच्या भागात मेंदूज्वराचे २४५ रुग्ण नोंदले गेले. त्यांत ८२ मृत्यू होते, आणि ६४ जणांत चांदीपुऱ्याची खात्री पटली होती.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. १९६५ साली दोघांना नुसता ताप आणणारा हा विषाणू २००३ साली मुले मारू लागला, तो मध्यंतरी बदलला म्हणून का? आणि बदलला असेल तर पुन्हा कधी सौम्य होईल का? पारावर बसलेली अनुभवी माणसे ठामपणे सांगतात, “रोग जुना झाला की त्याचे दात पडतात.” करोनाच्या काळात हेच वाक्य शिकल्यासवरल्या लोकांच्या तोंडूनही पुष्कळ ऐकले. त्यात तथ्य किती ते पाहण्यासारखे आहे. कारण त्यावर आपण हातपाय हलवायचे की वाट पाहत बसायचे हे ठरते.

विषाणू म्हणजे एक लहानशी पोथी. माणसाच्या पेशीतली पोथी सुमारे तीनशे कोटी अक्षरांची. चांदीपुऱ्याची साऱ्या अकरा हजार अक्षरांची आणि पाच अध्यायांची. तिच्यात बहुतेक एवढाच मजकूर, की पेशीत शिर आणि माझ्या आणखी प्रती काढ. पण प्रत काढणारा लेखक मोठा उतावळा. दहा हजार ते लाख अक्षरांमागे एखादी चूक तो करतोच आणि मागे वळून वाचत नाही. विदर्भात रिद्धपूरसारख्या ठिकाणी महानुभावांच्या पोथ्या पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. एका प्रतीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी, असे करता करता पाठभेद शिरतात. करोनाच्या तीस हजार अक्षरांच्या पोथीला मात्र स्वतःचा शोधक आहे, तो चुका बऱ्याच दुरुस्त करतो. नाथमहाराजांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, तसेच काहीसे. तरीही पाठभेद उरतात ते उरतातच.

पाठभेद बहुतेक निकामी असतात. अक्षर चुकले की अर्थ बिघडतो आणि ती प्रत जागच्या जागी संपते. क्वचित एखादी चूक लाभाची ठरते. ती प्रत भराभर वाढते आणि बाकीच्यांना मागे टाकते. यात विषाणूची बुद्धी नाही, दुष्टावा नाही, दयाही नाही. जी प्रत पुढच्या यजमानाच्या घरी पोहोचली ती टिकली, एवढाच हिशेब.

हा हिशेब किती बारीक असतो ते चिकुनगुन्याने दाखवले. १९६५ च्या नागपूरच्या साथीतला चिकुनगुन्या आशियाई घराण्यातला होता. १९७३ साली बार्शीत त्याची साथ आली आणि मग तीसेक वर्षे तो जवळजवळ दिसेनासा झाला. २००६ साली तो परत आला, देशभरात तेरा लाखांहून अधिक संशयित रुग्ण नोंदले गेले, तेव्हा त्याची पोथी वाचणाऱ्यांना दिसले, की हा जुना पाहुणा नव्हेच. हा आफ्रिकी घराण्यातला आहे. पुढच्या वर्षी केरळात त्याच्यात आणखी एक पाठभेद आढळला. तो हिंदी महासागरातल्या रेयुनियाँ बेटावर आधीच दिसून गेला होता. एकाच अक्षराचा फरक. त्याने विषाणूच्या कवचातला एक दुवा बदलला. पण तेवढ्याने रबराच्या मळ्यांत वाढणाऱ्या दुसऱ्या जातीच्या डासाच्या अंगात तो उत्तम रुजू लागला. जणू बंद घराच्या कुलपाला चुकून किल्ली लागली.

मग दात पडण्याची गोष्ट? तिचा सर्वांत प्रसिद्ध दाखला सशांचा आहे. ऑस्ट्रेलियात सशांनी शेती फस्त केली म्हणून १९५० साली त्यांच्यावर मिक्सोमा नावाचा विषाणू सोडला. आरंभी शंभरातले नव्व्याण्णवाहून अधिक ससे मरत. काही वर्षांतच मध्यम मारक्या प्रतींचे राज्य झाले. कारण लगेच मेलेल्या सशाकडून डासाला विषाणू पुढे नेता येईना. शिवाय सशांतही प्रतिकार करणारेच मागे उरले. मात्र विषाणू अगदी निरुपद्रवी काही झाला नाही. यजमान पुरेसा काळ जगावा, एवढ्यापुरताच पाहुण्याचा सौजन्याशी संबंध.

उलट दाखला आपल्याच घरचा, देवीचा. देवीचा विषाणू शेकडो वर्षे फक्त माणसाच्या आधाराने जगला. त्याला दुसरा यजमान नव्हता. सहाव्या-सातव्या शतकातल्या उत्तर युरोपीय सांगाड्यांतून मिळालेल्या त्याच्या जुन्या पोथ्या २०२० साली प्रसिद्ध झाल्या. त्यांत पुढे बंद पडलेली कित्येक जनुके अजून शाबूत होती. म्हणजे माणसाच्या घरी कायमचा मुक्काम पडल्यावर या पाहुण्याने नको ते सामान टाकून दिले. पण सौम्य झाला का? विसाव्या शतकातही त्याचा उग्र प्रकार दहांतल्या तिघांना नेत होता. झाडीतल्या गावांच्या शिवेवर शेंदूर माखलेल्या मरीमाय आणि शितळामाय उभ्या आहेत. विषाणू आपणहून निवळला असता तर कुणी त्यांना इतके नवस बोलले नसते. देवी गेली ती लस टोचून. भारतातला शेवटचा रोगी १९७५ चा, आणि जगातून ती गेल्याची घोषणा १९८० ची.

करोनाचा दाखला तर ताजा आहे. २०२१ च्या फेब्रुवारीत अमरावतीकडे रुग्ण अचानक वाढले आणि महाराष्ट्रातल्या नमुन्यांत नवे पाठभेद दिसले. त्याच घराण्यातल्या एका शाखेला पुढे डेल्टा हे नाव मिळाले. ती आधीच्यापेक्षा वेगाने पसरणारी होती आणि अधिक उग्रही होती. कारण माणूस अत्यवस्थ होण्याआधीच ती दुसऱ्याकडे पोहोचलेली असे. यजमान पुढे जगला काय किंवा मेला काय, तिचे काम होऊन गेलेले.

या हिशेबात चांदीपुऱ्याला बसवून पाहा. त्याचा संसार माशीत चालतो. माणसाकडून माणसाला तो होताना दिसलेला नाही. माणूस त्याच्या दृष्टीने बंद गल्ली आहे. लेकराच्या मेंदूत शिरलेली प्रत लेकराबरोबरच संपते. ती उग्र होती की सौम्य, याची खबर माशीच्या घरी कधी पोहोचतच नाही. शिवाय एका पोथीला माशीचे आणि उष्ण रक्ताच्या प्राण्याचे अशी दोन्ही घरे सांभाळायची असतात. एकीकडे सोयीचा बदल दुसरीकडे अडचणीचा ठरतो, म्हणून असे विषाणू बेताबेतानेच बदलतात. धानपट्टीत येणाऱ्या जपानी मेंदूज्वराचेही असेच. तो बगळ्यांत आणि डुकरांत नांदतो; माणूस मधेच सापडतो. तेव्हा वय झाले की दात पडतील, ही आशा चांदीपुऱ्यापुरती तरी फोल आहे. आपल्याशी सलोखा करण्याचे त्याला काही कारणच नाही.

बदलतो तो यजमानही, पण फार सावकाश आणि फार महाग किमतीला. गडचिरोलीत याची खूण रक्तातच सापडते. इथल्या गोंड, माडिया आणि इतर समाजांत सिकलसेल आढळतो. रक्ताच्या जनुकातले एक अक्षर बदललेले असते. ते आईबापांपैकी एकाकडूनच आले तर उग्र हिवतापापासून बरेच संरक्षण मिळते. दोघांकडून आले तर जन्मभराचे दुखणे पाठी लागते. हिवताप विषाणूचा नव्हे, पण रीत तीच. कित्येक पिढ्यांनी लेकरे गमावून मिळवलेली ही ढाल आहे, आणि तिचीच धार काही लेकरांना लागते. निसर्गाचा न्याय तो हा. त्यावर विसंबून राहा, असे कुणी आईला सांगू नये.

आणि तरीही हे नाते केवळ वैराचे नाही. आपल्या पोथीचा सुमारे आठ टक्के भाग कधी काळी पूर्वजांच्या पेशींत शिरून तिथेच राहिलेल्या विषाणूंचा आहे. पाहुणे आले आणि घरजावई झाले. त्यांतल्या एकाच्या जनुकाने तर असे काम पत्करले, की त्यावाचून आईच्या उदरात वार नीट घडत नाही. ज्या वारेने आपण नऊ महिने पोसलो तिच्यात एका जुन्या विषाणूची अक्षरे आहेत, ही गोष्ट ऐकल्यावर मला वैनगंगेच्या काठी क्षणभर बसावेसे वाटले.

पण असले सलोखे लाखो वर्षांनी होतात. लेकराच्या तापाला तासांचा हिशेब असतो. या विषाणूवर नेमके औषध नाही, वापरातली लसही नाही. ताप उतरवणे, झटके थांबवणे, मेंदूची सूज आटोक्यात ठेवणे, एवढेच वैद्यकाच्या हाती आहे, आणि त्यासाठी मूल वेळेवर पोहोचायला हवे. भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती एकत्र येतात. तो संगम हिवाळ्यात पाहणाऱ्याला स्वर्ग वाटतो. पावसाळ्यात त्याच पर्लकोटेचे पाणी पुलावर चढते आणि गावे तुटतात. नेमकी माशीच्या हंगामातच. १९७३ साली शेजारच्या हेमलकशाला लोकबिरादरीचा दवाखाना उभा राहिला तेव्हा खाटेवर रोगी घालून माणसे रानातून चालत येत. रस्ते आता वाढले आहेत, तरी नाल्याला पूर आला की खाट अजून खांद्यावर येते.

म्हणून या मुलखात विषाणूशी लढाई कुडाच्या भिंतीशी लढावी लागते. पावसाच्या आधी भेगा लिंपणे, शेणाचा ढीग घरापासून लांब नेणे, भिंतींवर वेळेवर फवारणी करणे, लेकराला बारीक जाळीच्या मच्छरदाणीत निजवणे, आणि ताप येऊन झटका आला तर पुजाऱ्याकडे वेळ न घालवता आशाताईला उठवून थेट दवाखाना गाठणे. यात मोठे विज्ञान दिसत नाही, पण ते त्याच अकरा हजार अक्षरांच्या अभ्यासातून आलेले आहे. पाहुणा बदलणार नाही असे कळल्यावर घराचे दार बदलायचे.

परतताना एका गावात धानाची कापणी चालली होती. एका अंगणात म्हातारी भिंतीला मातीचा हात देत होती. तो नाटकाच्या पाहुण्यांसाठी होता. पाहुणे येणार, घर नीट दिसायला हवे, एवढेच तिच्या मनात. मी तिला म्हटले, “आजी, हाच हात रोहिणी-मृगाच्या आधी एकदा फिरवाल का? तळापासून, गोठ्याकडच्या बाजूनेही?” तिने कारण विचारले. मी माशीचे सांगितले. ती थोडा वेळ भेगेकडे पाहत राहिली आणि म्हणाली, “माती तर घरचीच आहे, बाबू. त्याले का लागते?” आणि खरोखरच गोठ्याकडच्या भिंतीकडे वळली.